नव्यासारखं

दातांच्या दवाखान्यात शेजारी बसलेलं जोडपं कुजबुजायला लागलं, तसं आजींचं लक्ष स्वतःच्या दाढेवरून पार उडालं.

“दुसरा डॉक्टर बघू या की गं.”

“का? या डॉक्टरांच्या घराच्या बाहेरच्या भिंती तुम्हीच धुतल्यात ना?”

“म्हणूनच. शेवाळ गेलं, पण खिडकीखालचे गंजाचे डाग तसेच राहिले.”

“ते राहणार, हे आधी सांगितलं होतं?”

“नाही. घर नव्यासारखं करून देतो म्हणालो.”

“धन्य आहे तुमची! बसा आता गाल धरून.”

तेवढ्यात दार उघडून डॉक्टरच बाहेर आले.

“या, भिंतवाले! दात नव्यासारखा करून देतो म्हणू, की खरं सांगू?”

“खरंच सांगा, डॉक्टर. ऐकायची सवय झाली, की सांगायचीही होईल यांना.”