आईची केसाळ कोंबडी

अमीनाचा रुबाब काय सांगायलाव, माझ्या आईचं ऐका! निजामाच्या राज्यात पोलिसाचा अमीन, म्हंजे फौजदार, दौऱ्यावर आला की गावानं फुकट कोंबडी द्यायची. त्याचा चपराशी आमच्या दारात आला. आईपाशी एकच कोंबडी, मामानं हैदराबादहून आणलेली, मांजरावानी मऊ केसाची, टोपल्यात अंड्यावर खुडूक बसलेली.

"वो मुर्गी होना," चपराशीनं तीच मागितली.

आईनं फुंकर मारून तिचे केस बाजूला केले. खाली कातडी काळीकुट्ट. "मटनबी असंच काळं हाय. कशानं मेली म्हून सायबानं विचारलं, तर तुमीच सांगा."

चपराशी चरकला. "फिर अंडे दे."

"घ्या की. उठवा तिला."

त्यानं खाली बसून हात घातला, तिनं टोचलं. पुन्हा घातला, पुन्हा टोचलं. कोंबडी उठली न्हाई. टोपलं धरून बसलेली आईबी उठली न्हाई. शेवटी चपराशीच उठला.