एका बाईमागे एक मोळी

...आणि वर सारं गाव मलाच विचारतं, "मास्तरीणबाई, भेता काहून?" भिऊ नको तर काय करू? तुम्हीच सांगा! मेळघाटाच्या पायथ्याची शाळा, शाळेमागे आमची खोली, खोलीला खेटून सागाचं दाट रान, रानात गुडघाभर वाळका पाला आणि खोलीत पाच महिन्यांची सुमन! मोहाची फुलं वेचायला कुणी झाडाखालचा पाला पेटवला, की वणवा थेट पाळण्यापाशी!

म्हणून जंगलखात्याकडे अर्ज केला, खोलीमागचा वीस हात पट्टा विरळ करू द्या. गुन्हाच झाला हो! गार्ड अब्दुल गफ्फार छापील कागद घेऊन हजर. राज्य बदलून मुंबईचं झालं, कागद मात्र जुना नागपूरचाच! "पयले पाहणी, बाई! झाडावर घरटं हाये का? बी धरलं का? उतारावरची माती वाहून जाईन का? साहेब पायतीन, मंग तोडा."

"साहेब कधी येतील?"

"पाणी पडल्यावर."

पाणी पडल्यावर वणव्याला भ्यायला मी कशाला लागते? पण नाही, पयले पाहणी!

आमचे मास्तर? "नियम म्हणजे नियम," म्हणाले नि उत्तरपत्रिकांत बुडाले. मी राजापेठेतली मॅट्रिक, नापास होण्याची धास्ती अजून आहेच, म्हणून कागद उलटसुलट तीनदा वाचते. मागे बारीक अक्षरांत... मनगटाहून बारीक, वाळलेलं लाकूड नि पाला, घरच्या चुलीसाठी, दर बाईमागे रोज एक मोळी, पाहणीशिवाय! वाटलं, मलाच कळलं नसेल. शेजारच्या पंचफुलाबाईंना वाचून दाखवलं.

"मंजे चाळीस बाया, चाळीस मोळ्या? मंग बसली काहून? ऊठ ना वं!"

तीन दिवस, तुम्हाला सांगते, त्या वीस हात पट्ट्यात बायांची नुसती रांग! गफ्फारभाई धावत आले, "पयले पा..." मी कागदाची पाठ दाखवली. बिचारे मोजत बसले. "बाई, ही मोळी नाही, हे तं जंगल चाललं!" आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांत मोठी मोळी कुणाची? त्यांच्याच बायकोची, रजियाबीची!

आठव्या दिवशी वणवा आला. डोंगर उतरून धावत आला! सुमनला छातीशी धरून मी दारात... तो पट्ट्याशी आला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, खायला काडी नाही, आणि बसला की हो जागच्या जागी! बायांनी अशी आरोळी ठोकली, की मास्तर उत्तरपत्रिका टाकून बाहेर! जिंकले की नाही मी?

जिंकले. फक्त त्या मोळ्या... बायांनी पावसाळ्याचं सरपण आधीच भरलेलं. "अर्ज तुहा, लाकडं तुही!" म्हणून एकशेवीस मोळ्या शाळेपलीकडच्या आवारात रचल्या होत्या, त्या आता वणवा टळल्यावर आणून माझ्या चुलीच्या भिंतीला लावल्यात, पार वळचणीपर्यंत! काडी ओढायची हिंमत होत नाही हो... पाऊस येईस्तोवर आमच्या भाकरी पंचफुलाबाईंकडून भाजून येताहेत.