हवा कुठं जातीया?

…झुकली म्हंजे कशी झुकली, तुमास्नी सांगतो, डाव्या अंगानं पार भुईला टेकली! आता ही माझी मोटारहोम, म्हंजे चाकावरचं घर, आत पलंग, शेगडी, मोरी सगळं हाय, पण हिला चाकावर लोखंडी स्प्रिंगांचं पाटं न्हाईत ओ, पाट्यांच्या जागी हवंचं रबरी फुगं! पस्तीस वर्सांची म्हातारी, शूटिंगवाल्यांनी टाकल्याली, मीच हौसेनं आणली. का? तर आमच्या कारभारणीला, मीनाबाईला, बुद्धगया दाखवायची. तिचं गुडघं गेल्यात, रेल्वेत बसवत न्हाय, म्हटलं पडून चल की! सांजच्याला हवा भरतोय, ताठ उभी ऱ्हातीया. सकाळी दार उघडतोय तर… टेकल्याली! हवा कुठं जातीया?

आवो, शिरोलीच्या फौंड्रीत चौतीस वर्सं कास्टिंगमधली भोकं हुडकली मी! या केरबाच्या नजरंतनं सुईएवढं भोक सुटलं न्हाय कधी… आणि माझ्याच दारात मला एक भोक गावंना?

साबणाचा फेस केला, ब्रशनं नळीनळीला लावला. इथं बुडबुडा आला, आवळला, तर तिकडं आला! मीनाबाई घरातनं वरडतीया, "अवो, भांड्याचा साबण संपला, माझा शांपू तरी ठेवा!" शेजारची धोंडुबाई कमरंवर हात ठेवून, "केरबादा, आजबी वाकूनच व्हय ही?" कृष्णात मिस्त्री फुग्याला कान लावून, डोळं मिटून बसला, मला वाटलं झोपला… तर म्हणतोय, "काका, टूब असती तर पाण्यात बुडवून बघितली असती." मग काय, रंकाळा तळ्यात आख्खं घर बुडवू? वाटंनं जाणारा एक अनोळखी गडी, "पावणं, खाली विटा लावा की!" विटांवर बुद्धगयेला जाऊ व्हय?

तीन महिनं! हवा कुठं जातीया, हवा कुठं जातीया… झोपंत बडबडाय लागलो ओ! मीनाबाईनं पिशवी भरून दारात ठेवल्याली, वर बुद्धगयेला नेसायच्या पांढऱ्या पातळाची घडी. त्या पिशवीकडं बघवना मला.

आणि काल गावलं! फुग्यात न्हाय, नळीत न्हाय, गाडीची उंची धरणाऱ्या वॉलमध्ये, म्हंजे हवंच्या झडपंत, नखाएवढं वायसर झिजल्यालं! बदललं. आज सकाळी बघतोय तर… उभी! ताठ! मी वरडलो, "मीनाबाई, चल!" पांढरं पातळ नेसून आली. पायरीकडं बघितलं, एकदा पाय उचलला, दोनदा उचलला… पायरी पार मांडीएवढी वर! हळूच म्हणती, "अवो, टेकल्याली असताना रोज दुपारी आत जाऊन पडत हुते की मी. सोडा जरा हवा."

काय करता? पाना घेतला, खाली शिरलो, आणि तीन महिनं जिच्यासाठी जीव टाकला ती हवा, माझ्याच हातानं… फुस्स! चढली बाई. आता गयेपतोर जितक्यांदा ही च्या प्यायला उतरंल तितक्यांदा सोडायची, भरायची, सोडायची… हवा कुठं जातीया ते इचारू नका पावणं, आता मला चांगलं ठावं हाय!