करवतीपाशी माजी मंत्री

(कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमधली एक आरागिरणी. सकाळची पाळी. मोठी करवत बंद. तिच्यापाशी मुकादम ड्वेन आणि करवत चालवणारी लोरेटा.)

ड्वेन : शेवटचं सांगतो, लोरेटा. चालू कर, नाहीतर घरी जा आणि परत तोंड दाखवू नकोस.

लोरेटा : लाल बटण दाबलं तरी ही बया फिरतच राहते. मला दोनच हात आहेत, ड्वेन. दोन्ही लागतात.

ड्वेन : साठ माणसं खोळंबलीत! फिटर सोमवारी येतोय ना?

लोरेटा : मग मीही सोमवारी चालवीन. धोक्याच्या कामाला नाही म्हणायचा हक्क आहे मला. कायदा आहे.

ड्वेन : तो कायदा त्यांनाच सांग. आले बघ मोठे साहेब.

लोरेटा : पेटिग्रू? छान! मजूरमंत्री असताना कायदा आणला यांनीच. तेव्हा बर्फ तुडवत आमच्या दारात मतं मागायचे, आता आमच्याच डोक्यावर कंपनीचे अध्यक्ष!

पेटिग्रू : सगळं खरं आहे. काय झालंय?

ड्वेन : काही नाही, साहेब. हिची नाटकं. हिच्या जागी गॅरीला उभा करतो, दहा मिनिटांत सुरू.

पेटिग्रू : हिनं नकार का दिला, ते गॅरीला सांगितलंत?

ड्वेन : त्याला उगाच कशाला घाबरवायचं?

पेटिग्रू : कारण सांगितल्याशिवाय बदली माणूस उभा करता येत नाही. कायद्यातल्या त्या एका ओळीसाठी मी अकरा दिवस गिरणीमालकांच्या शिव्या खाल्ल्यात.

लोरेटा : आणि आता त्यांचाच पगार खाता.

पेटिग्रू : खातो. गॅरी राहू दे. बदली मी.

ड्वेन : तुम्ही?

पेटिग्रू : राजकारणाआधी सात वर्षं करवतीवरच होतो. लोरेटा, कारण सांगा.

लोरेटा : चेष्टा करताय माझी?

पेटिग्रू : कोट काढून उभा आहे, दिसत नाही?

लोरेटा : मग ऐका. बटण दाबलं की मोटारीचा आवाज पडतो, वाटतं थांबली. पातं फिरतच असतं. शुक्रवारी माझी बाही ओढली, खांद्यापर्यंत फाटली. पात्यावरच्या जाळीचा बोल्ट गेलाय, तिथं या शहाण्यानं तार बांधलीय.

पेटिग्रू : तार? मागे सरा सगळे. ड्वेन, रिकामीच चालू करा. हं. आता बटण दाबा. सेकंद मोजा.

ड्वेन : ...अडतीस. एकोणचाळीस. चाळीस...

पेटिग्रू : एक्केचाळीस. नकाराचा कागद द्या.

लोरेटा : माझा भरून झालाय.

पेटिग्रू : माझा भरायचाय. 'बदली कामगार अ‍ॅलिस्टर पेटिग्रू हे यंत्र चालवायला नकार देतो.' आज तारीख काय?

ड्वेन : साहेब, बोस्टनचा माल आज निघाला नाही तर मालक तुम्हाला काढतील!

पेटिग्रू : बहुतेक काढतील. मतदारांनी दोनदा काढलंय.

लोरेटा : अगं आई गं. ड्वेन, मागे बघ. साठ माणसं येऊन उभी आहेत. साहेब, एक सांगू? मी तुम्हाला कधीच मत दिलं नाही.

पेटिग्रू : माहीत आहे. तुमच्या अख्ख्या रस्त्यानं नाही दिलं.

ड्वेन : अरे, पण मी गॅरीला काय सांगू आता?

लोरेटा : सांग, दोघा करवतवाल्यांनी नकार दिलाय.