मार्सेयला नेलेला सब्जा

माझं माहेर आणि सासर दोन्ही बोर्ली पंचतनच, एका मोहल्ल्यातून दुसऱ्यात आले एवढंच, त्यापलीकडं माणगाव बघितलेलं, ते पण डॉक्टरसाठी. आणि काय सांगू तुम्हाला, मी बाई फ्रान्सला जाऊन आले. लोकांना वाटतं फिरायला गेली. फिरायला कशाला जाते, घरवाल्यांच्या कबरीवर गेले होते.

आमचे हे जहाजावर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. चालत्या जहाजावर छातीत दुखलं आणि गेले, मार्सेय बंदरात उतरवलं आणि तिथल्याच मुसलमानांनी दफन केलं. माझा सलीम तेव्हा शाळेत. मय्यत आली न्हाय, आली ती त्यांची बॅग, तिच्यात लुंगी आणि मसाल्याचा डबा. तेव्हापासून माझं एकच, एकदा त्यांच्या कबरीवर सब्जा लावायचा. आमच्यात लावतात, हिरवं असलं की मय्यताला गारवा मिळतो म्हणतात.

सलीम दुबईत कमवायला लागला आणि म्हणाला चल अम्मी. मार्सेयचा समुद्र निळा, आपल्यासारखा गढूळ न्हाय, पण मासळीचा वास तोच. बाजारात डोक्यावर ओढणी घेतलेल्या अरब बायका बघून जिवाला जरा बरं वाटलं. पण कबरस्तानाच्या फाटकाशी गेलो आणि माझे पायच उचलेनात. आमच्या गावात बायका आत जात न्हायत, सासूला पण मी भिंतीबाहेरूनच फातिहा पढली. तिथं बायका खुशाल आत जात होत्या, सलीम म्हणाला चल, इथं चालतं. मी म्हटलं तू जा, हे सब्जाचं बी घे, लाव, पाणी घाल. इतक्या लांब जाऊन मी बाहेरच उभी राहिले, बघा.

लय वेळानं आला, डोळे लाल. म्हणाला लावला अम्मी, अब्बांची जागा झाडाखाली हाय, सावली हाय. मी फाटकाला हात लावून फातिहा पढली, पोटभर रडले.

घरी आल्यावर त्याची पँट बादलीत भिजत घातली, काढते तर खिसा फुगलेला, सरबतातल्यासारखा सब्जा हाताला बुळबुळीत लागला. दिला होता तेवढा सगळा. पुढं गावातला एक जहाजी बोलून गेला, तिकडं काही वर्षांनी कबर उकरतात, जागा दुसऱ्याला देतात. तेव्हा मला काय ते कळलं.

सलीमला मी विचारलं न्हाय. विचारून काय, बाप त्याचा पण गेलाय. अल्ला त्याला सुखी ठेवो. दर जुमेरातीला दुबईवरून फोन करतो, म्हणतो अम्मी, अब्बांचा सब्जा आता कमरेएवढा झाला असंल. मी म्हणते व्हय रे, झाला असंल.