नळी जड की साधी?

...नाही, पण मला एक सांगा, बंदुकीच्या नळीतलं मला काय कळतं? मी शाळेत भूगोल शिकवणारा माणूस! उभ्या आयुष्यात मी नेम धरला तो नकाशावरची काठी तिबेटातल्या त्सांगपो नदीवर टेकवण्यापुरता, आणि तीसुद्धा बऱ्याचदा भूतानात जायची... आणि हा पुण्याचा दुकानदार सकाळी सकाळी फोन करून मला विचारतो, "सर, रायफलची नळी जड देऊ की साधी?" अहो, नारळ विचारल्यासारखं! ओला देऊ की सुका! मी म्हटलं, "फरक काय पडतो?" तर म्हणतो, "तसं म्हटलं तर खूप पडतो, आणि तसं म्हटलं तर काहीच नाही. तुमच्यावर आहे." आता हे माझ्यावर कधी आलं? म्हणाला, "सोमवारपर्यंत कळवा, सोमवारी ऑर्डर जाणार. एकदा गेली की बदल नाही." आणि ठेवला फोन!

तो वार होता मंगळवार. सहा दिवस. जड की साधी?

थांबा, तुम्ही म्हणाल या मास्तराला रायफल कशाला. मला नको हो! माझी मुलगी मृणाली. एकोणीस वर्षांची, कॉलेजात आहे, आणि रायफल क्लबात आहे. रत्नागिरीबाहेर, मिरजोळ्याच्या पुढे एक बंद पडलेली चिरेखाण आहे, तिथे यांचा क्लब. तीन बाजूंना पुरुषभर उंच जांभ्याच्या भिंती, गोळी जाऊन जाऊन जाणार कुठे? रायफल पॉइंट टू टू, म्हणजे बंदुकीच्या घराण्यातलं शेंडेफळ. काडतूस बघाल तर चिकूच्या बीपेक्षा जेमतेम मोठं. पन्नास मीटरवर कागद लावायचा, त्यावर गोल, त्या गोलात आणखी गोल, आणि मधल्या ठिपक्यात मारायचं. क्लबातली जुनी रायफल मृणालीपेक्षा वयाने मोठी, म्हणून क्लब नवी घेणार, क्लबच्या लायसन्सवर, क्लबच्याच कुलपात राहणार. पण डिसेंबरात राज्यस्पर्धेला ती घेऊन जाणार मृणाली. म्हणून यांचे कोच तांबे सर, फौजेतून रिटायर झालेले सुभेदार, ते म्हणाले, "जी चालवणार, तिने नळी सांगायची." आणि आमच्या मृणालीने काय सांगितलं? "बाबा सांगतील."

बाबा सांगतील!

मी गेलो तांबे सरांकडे. म्हटलं, सर, तुम्ही अठ्ठावीस वर्षं बंदूक धरली, तुम्हीच सांगा. सरांनी मिशी सारखी केली. "देखो मास्तर, जड नळी म्हणजे म्हैस. एकदा बसली की हलत नाही. लोळून मारायचं तर तिच्यासारखी दुसरी नाही. साधी नळी म्हणजे शेळी. चपळ, खांद्याला त्रास नाही, उभ्याने मारायला बरी, पण सारखी इकडे बघ, तिकडे बघ." मी म्हटलं, "मग आम्ही घ्यायची कुठली?" म्हणाले, "ते ज्याला जे दूध पचतं त्यावर." आणि स्पर्धेत काय करायचं असतं? गुडघ्यावर बसून मारायचं, लोळून मारायचं आणि उभ्यानेही मारायचं. म्हणजे वीस गोळ्या म्हैस, वीस गोळ्या शेळी, आणि उरलेल्या वीस गुडघ्यावर बसून दोघींची समजूत काढायची!

मग मी चूक केली. बायकोच्या भावाला फोन केला. अनिल, डोंबिवलीला असतो, त्याला जगातलं सगळं कळतं. "भावोजी, डोळे झाकून सांगतो, जड! नळी जेवढी जाड तेवढी कमी थरथरते. सायन्स आहे." मला बरं वाटलं. ठरलं एकदाचं, जड. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "भावोजी, काल मी जरा घाई केली. एवढ्या छोट्या गोळीला थरथर असते किती? साधीच घ्या." आणि मग त्याने मला अकरा व्हिडिओ पाठवले. अकरा! एक दाढीवाला गोरा माणूस बर्फात उभा राहून एक तास नळीवर बोलतो. मी सगळे बघितले. शेवटी तो काय म्हणाला, सांगू? शेवटी तो म्हणाला, तुमच्यावर आहे!

बुधवार गेला, गुरुवार गेला. जड की साधी?

शेजारच्या येसूकाकी कुंपणापलीकडून तीन दिवस ऐकत होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, पण कान शाबूत. "काय रे, बंदूक घेतोयस म्हणे? माकडांना काय?" रत्नागिरीत बंदूक म्हटली की पहिला प्रश्न हाच. माकडांनी कोणाच्या बागा सोडल्यात? मी म्हटलं, "नाही हो काकी, माकडांना नाही. कागदावर मारायचं असतं." काकी म्हणाल्या, "कागदाने काय केलंय?"



पण काकी मनाने चांगल्या. म्हणाल्या, "एवढं अडलंय तर कौल लाव ना." गेलो. शुक्रवारी सकाळी, शाळेच्या आधी, ग्रामदेवतेच्या देवळात. गुरवाने देवीच्या अंगावर दोन बाजूंना पाकळ्या चिकटवल्या, म्हणाला, उजवी पडली तर काय, डावी पडली तर काय, सांगा. मी म्हटलं, उजवी जड, डावी साधी. त्याने गाऱ्हाणं घातलं, "बाय माझे, या लेकरापुढे पेच पडलाय, पॉइंट... काय हो ते?" म्हटलं, "टू टू." "...टू टूची नळी जड घेऊ की साधी घेऊ, काय असेल तो न्याय कर!" आणि आम्ही बसलो. पाच मिनिटं. दहा मिनिटं. अर्धा तास. ना उजवी ना डावी. बाहेरची चिमणी आत येऊन गेली, तिच्या वाऱ्यानेसुद्धा पाकळी हलली नाही. गुरव म्हणाला, "देवी विचार करतेय." मनात म्हटलं, हे म्हणजे आमच्याच घरासारखं झालं.

कारण आमच्या घरात, तुम्हाला सांगतो, ठरवणारं माणूस एकच होतं. ही. चोवीस वर्षं संसार केला, पण ठरवलं म्हणून मी काही ठरवलं नाही. सुरमई घ्यायची की हलवा, ही कल्ला उचलून बघायची, नाक मुरडायची, आणि आम्ही बांगडे घेऊन घरी यायचो. मृणालीला क्लबात घातलं तेही हिनेच, मला कळलं तेव्हा पोरगी खाणीत लोळून नेम धरत होती! मी फक्त "बरं" म्हणायचो. आणि त्यात मला कमीपणा वाटला नाही, उलट काय निवांत होतं सगळं! वर्गात मी पोरांना तीस वर्षं "योग्य पर्याय निवडा" म्हणून प्रश्न घालतोय, चार चार पर्याय देतो, आणि घरी मला पर्याय म्हणून कधी कोणी दिला नाही.

ही गेली त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही दोघं आहोत, आणि आमचं काहीच ठरत नाही. पुढच्या खोलीला रंग द्यायचा म्हणून रंगांचं कार्ड आणलं, ते फ्रिजवर आहे. मासे मासेवाली ठरवते. हॉटेलात गेलो तर मी मृणालीला म्हणतो, "तू काय घेतेस?" ती म्हणते, "तुम्ही काय घेताय?" वेटर दोनदा येऊन जातो आणि शेवटी शेजारच्या टेबलावर जे असेल तेच आम्हालाही आणतो.

आता हसताय तर हसा, पण एक सांगतो. हिचं दुखणं अठरा दिवसांचं. नवव्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं, म्हणाले, कोल्हापूरला हलवायचं की इथेच ठेवायचं, दोन्हींत धोका आहे, तुम्ही ठरवा. चांगला माणूस, समजावून सांगत होता. आणि मी काय केलं असेल? मी आत गेलो आणि हिलाच विचारलं! तोंडावर मास्क, हाताला सुया, आणि मी विचारतोय, काय करू या? हिने बोट गादीवर टेकवलं. इथेच. मी बाहेर आलो, म्हटलं, इथेच. मृणाली दारात उभी होती. तिने सगळं बघितलं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

असो.

तर शनिवारही गेला. जड की साधी?

रविवारी तांबे सरांनी युक्ती काढली. म्हणाले, जड नळी अंदाजाने कळणार नाही, हाताला कळायला हवी. क्लबातली शमिका आहे, तिच्या वडिलांची होडी आहे, ती घरून जाळ्याची शिसं घेऊन आली. ती हो, जाळं खाली बसावं म्हणून लावतात ती. सरांनी शिसाची माळ जुन्या रायफलच्या नळीला गुंडाळली, वर चिकटपट्टी. बंदूक दिसायला लागली बोंबलाच्या माळेसारखी! किलोभर वजन वाढलं. मग मृणालीने मारलं. मी मागे छत्री धरून उभा, कानात कापूस. लोळून मारलं, तर काय सांगू, दहा, दहा, नऊ, दहा! बंदूक जागची हलेना. मी मनात म्हटलं, झालं, म्हैस! मग ती उभी राहिली. पहिल्या दहा गोळ्या छान. अकरावीला नळी अशी हळूच खाली झुकली, केळीला घड धरल्यासारखी. बारावीला खांदा गेला. पंधरावी कागदाला लागलीच नाही, जांभ्याची भुकटी तेवढी उडाली. शिसं सोडली, पुन्हा उभी राहिली. आठ, नऊ, आठ, आठ, नऊ... विसाव्या गोळीपर्यंत तसंच. मोठं काही नाही, पण पडलं नाही. मी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "दोन्ही बरोबर आहे." मी मृणालीकडे बघितलं. तिने घाम पुसला, कागद गुंडाळला. "तुम्ही सांगा, बाबा."

येताना मृणाली स्कूटरवर मागे बसलेली. एमआयडीसीच्या फाटकापाशी ती म्हणाली, "चुकलं तर?" एवढंच. मी म्हटलं, "काय?" म्हणाली, "काही नाही, समोर बघून चालवा."

आणि सोमवार उजाडला. साडेआठला फोन. मी चहा टाकलेला, मृणाली ओट्यापाशी डबा भरतेय. "सर, ऑर्डर पाठवतोय. जड की साधी?" मी मान वर केली आणि माजघराच्या दाराकडे बघितलं. सवय हो! तिथे उभी राहून ही केसाला पिन लावायची. दाराकडे बघतोय तर लक्षात आलं, मृणालीही डबा हातात धरून तिकडेच बघतेय. दोघंही! रिकाम्या दाराकडे! फोनमधून तो, "हॅलो, सर? हॅलो?" मी मनात म्हटलं, किती दिवस ही पोरगी त्या दाराकडे बघत राहणार? आणि मी ओरडलोच, "जड!"

"पक्कं?"

"पक्कं!"

ठेवला फोन. मला वाटलं, ठरवलं बुवा! पन्नाशी ओलांडल्यावर का होईना, एक गोष्ट मी ठरवली! आता पोरगी मला शाबासकी देणार म्हणून वळतो, तर डब्याचं झाकण खाडकन ओट्यावर.

"जड? कोणाला विचारून?"

"अगं, तूच म्हणालीस ना, बाबा सांगतील..."

"म्हणून काहीही सांगायचं? काल बाराव्या गोळीला माझा खांदा गेला ते दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं गं, पण लोळून दहा, दहा, नऊ..."

"लोळून मला त्या जुन्या लाकडानेही येतात दहा! मला उभं राहायचंय, बाबा. वीसच्या वीस गोळ्या. आठ येऊ देत, पण विसावीपर्यंत! साधी सांगा. लावा फोन!"

"आणि चुकलं तर?" मी विचारलं. तिचाच प्रश्न हो, दुसरा मला सुचेना.

तिने झाकण उचलून डब्यावर बसवलं. मग म्हणाली, "चुकलं तर चुकलं. त्या दिवशी दवाखान्यात 'इथेच' हे आईने स्वतःचं स्वतः ठरवलं होतं. तुम्ही 'बरं' म्हणालात ते बरोबरच केलंत. आता मला म्हणा."

 मी नुसता तिच्याकडे बघत राहिलो. ती म्हणाली, "बघताय काय? चहा उतू चाललाय. आणि हा शर्ट घालून शाळेत जाऊ नका, कॉलर विरलीय. तो निळा घाला." दोन वर्षांत, तुम्हाला सांगतो, दोन वर्षांत त्या घरात कोणाचा आवाज चढला नव्हता. शेजारून येसूकाकीसुद्धा कुंपणाशी आल्या, "काय रे, झालं काय?" मी म्हटलं, "काही नाही काकी, ओरडा बसला." म्हणाल्या, "बसू दे, बसू दे."

मी म्हटलं, "बरं."

आणि लावला फोन. "अहो, ती नळी साधी करा." तिकडे कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. "सर, पाच मिनिटांपूर्वी पक्कं म्हणालात! मी पाठवायच्या बटणावर बोट ठेवून बसलोय. आता हे कोणी बदललं?"

माझ्या तोंडून आपसूक गेलं, "घरातून आलंय."

"मग असं आधी सांगा ना!" त्याचा आवाजच बदलला. "लिहितो साधी. त्यापुढे आपलं काय चालतंय?"

म्हटलं, नाहीच चालत. फोन ठेवला, निळा शर्ट घातला आणि शाळेत गेलो.