लोकर निवडणाऱ्या

(अरेकिपा शहराच्या चढावरची वस्ती, दुपारचे तीन. झेनोबिया सूप ढवळते आहे. तिची भावजय निकोलासा नुकतीच लोकरीच्या गिरणीतून परतली आहे.)

निकोलासा : झालं ते चांगलंच झालं, वन्सं. पण माझी बोटं मेली होती. तिथं उभी राहिले आणि काही कळेचना.

झेनोबिया : थांब. चांगलं झालं म्हणतेस आणि बोटं मेली म्हणतेस. खाली बस, पाणी पी. परत घेतलं की नाही एवढं आधी सांग, माझा जीव भांड्यात पडू दे.

निकोलासा : घेतलं. बाराही जणींना. सोमवारपासून.

झेनोबिया : बाराही? फाउस्तिनालासुद्धा?

निकोलासा : तिलासुद्धा. सगळं घर तिच्या एकटीच्या पगारावर, ती तर तिथंच गासडीवर बसून रडायला लागली. दोघी चिलीला निघून गेल्यात, त्यांना निरोप धाडलाय. त्या येतील की नाही, देव जाणे.

झेनोबिया : बरं. आता पहिल्यापासून सांग. मला दम लागत नसता तर मीच आले असते तुझ्यासोबत. एकतीस वर्षं त्या धुळीत काढली, आता शंभर पावलं चालवत नाही.

निकोलासा : सकाळी कामगार खात्याच्या बाई आल्या. कचेरीत बसायचं नाही म्हणाल्या, जिथं काम होतं तिथंच चला. म्हणून सगळे निवडीच्या दालनात गेलो. आम्ही आठ जणी, नवा इंजिनियर, कंपनीचा वकील. पाच महिन्यांनी पाय ठेवला मी तिथं. आमच्या टेबलांवर आता कंत्राटदारानं आणलेल्या पोरी बसतात. पंधरा दिवस शिकवलं की झालं म्हणे.

झेनोबिया : पंधरा दिवस. मी तुला पंधरा दिवस नुसती लोकर झटकायला लावली होती.

निकोलासा : वकिलानं सुरुवातच तिथून केली. म्हणाला, ह्या बायका कागदोपत्री मदतनीस आहेत, तिसऱ्या श्रेणीतल्या. मदतनिसांच्या जागा रद्द झाल्या, म्हणून त्यांना कमी केलं. गासड्या बांधायच्या दाबयंत्रावरचे पुरुष कारागीर आहेत, ते आहेत तसेच राहिले. बाईंनी विचारलं, ह्यांच्या कामाला कौशल्य लागत नाही का? तर म्हणतो, "बायकांची बोटं मुळातच मऊ असतात. घरी मसूर निवडतात, तसंच हे."

झेनोबिया : त्याच्या घरी आपल्या लोकरीसारखा सहा प्रतींचा मसूर येतो वाटतं.

निकोलासा : मी असं काही बोलले असते तर बरं झालं असतं. मला सुचलंच नाही. मी फक्त म्हणाले, मग निवडून बघू या. आणि बोलले आणि लगेच पस्तावले.

झेनोबिया : का? डोळे मिटून करणारी तू.

निकोलासा : वन्सं, मी तुम्हाला एक सांगितलं नव्हतं. हॉटेलच्या चादरी धुते ना मी, त्यात ब्लीच असतं. पहिल्या महिन्यात कातडी सोलली, दुसऱ्या महिन्यात भेगा पडल्या. मग बोटांची टोकं अशी राठ झाली की बटण लावताना बटण हाताला कळत नाही. मध्यंतरी तुम्ही उशीत भरायला लोकर दिली होती, तिच्यातली मऊ कोणती आणि जाड कोणती, मला सांगता आलं नाही. मी मुकाट्यानं सगळी एकत्र भरली.

झेनोबिया : आणि मला बोलली नाहीस.

निकोलासा : तुम्ही शिकवलेलं हातातून गेलं, हे तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगायचं?

झेनोबिया : …पुढं सांग.

निकोलासा : इंजिनियरनं वेगवेगळ्या गासड्यांतून चाळीस पुंजके काढले, त्यांना नंबर लावले. एक संच मला, तशाच लोकरीचा एक संच कंत्राटी पोरीला. सहा ढीग करायचे. नंतर प्रयोगशाळेतलं यंत्र प्रत्येक केसाची जाडी मोजणार. मी पहिला पुंजका उचलला, अंगठा आणि बोटांत चोळला. काही नाही. कागद चोळल्यासारखं. दुसरा उचलला, तेच. फाउस्तिना माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता हिचं घर मी बुडवणार.

झेनोबिया : मग?

निकोलासा : मग मला पोरांचा ताप आठवला. मी त्यांच्या कपाळाला हात नाही लावत, ओठ लावते. ओठ खोटं बोलत नाही. म्हणून तो पुंजका उचलला आणि वरच्या ओठाला लावला. आणि वन्सं, कळलं. दुसरी प्रत. अगदी स्वच्छ कळलं. पुढचा लावला, पाचवी. वकील हसला. म्हणाला, बाई लोकरीचे मुके घेतायत. मी लक्षच दिलं नाही. चाळीस पुंजके ओठानं निवडले. शेवटी नाकात इतकी लोकरीची धूळ गेली की शिंका थांबेनात.

झेनोबिया : ओठानं मी कधी केलं नाही. माझ्या हाताखाली असं केलं असतंस तर टेबलावरून उठवलं असतं तुला.

निकोलासा : माहीत आहे. म्हणून तर भीत भीत सांगतेय.

झेनोबिया : भिऊ नकोस. यंत्र काय म्हणालं ते सांग.

निकोलासा : दोन तास लागले. आम्ही भिंतीला टेकून बसलो. इंजिनियर कागद घेऊन आला. त्या पोरीचे सतरा चुकले. ओठ चावत खाली बघत होती बिचारी, तिची काय चूक? माझे दोन चुकले. त्यातल्या एकावर इंजिनियर स्वतःच म्हणाला, पुन्हा मोजतो. पुन्हा मोजलं तर माझंच बरोबर निघालं.

झेनोबिया : म्हणजे एक.

निकोलासा : एक. तेविसावा. तो खरंच चुकला, मी घाई केली. इंजिनियर माणूस वाईट नाही हो, शिकलेला आहे आणि नवा आहे. मग त्यानंच सांगून टाकलं की गेल्या खेपेचा मऊ माल गिऱ्हाइकानं परत पाठवला, अंगाला टोचतो म्हणून. वकिलानं त्याच्याकडे असं बघितलं.

झेनोबिया : तिथंच संपलं असेल.

निकोलासा : नाही. वकील म्हणाला, बरं, हिचा हात चांगला आहे. पण श्रेणी हातावर ठरत नाही, शिक्षणावर ठरते. दाबयंत्राला प्रशिक्षण लागतं, म्हणून ते पुरुष पहिल्या श्रेणीत. तर बाई वळल्या. दारापाशी दाबयंत्राची माणसं बघत उभी होती. बाईंनी विचारलं, तुमच्यातला कुणी सांगेल का, यंत्र शिकायला किती दिवस लागले? सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मुकादम तिथंच होता. आणि तुमचा भाऊ पुढं आला.

झेनोबिया : एलेउतेरिओ?

निकोलासा : एलेउतेरिओ.

झेनोबिया : लग्नात पाद्र्यानं दोनदा विचारलं तेव्हा कुठं हो म्हणाला होता, तो?

निकोलासा : तोच. पाच महिने तो ह्या विषयावर एक शब्द बोलला नव्हता, वन्सं. रोज डबा घेऊन जायचा, रोज यायचा. मला वाटायचं, ह्याला माझी लाज वाटते, किंवा स्वतःची नोकरी जाईल म्हणून भितो. मी मनात खूप राग धरला होता. आज त्यानं टोपी काढली, हातात चुरगाळली आणि म्हणाला, "चार दिवस लागले. त्यातला एक रविवार होता."

झेनोबिया : मुकादमासमोर?

निकोलासा : मुकादमासमोर. कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत, लिहून घेतलं. त्यांनी विचारलं, आणि तुमच्या बायकोला? म्हणाला, "पहिल्या प्रतीला हात लावू द्यायला माझ्या बहिणीनं तिला तीन वर्षं थांबवलं. घरात रोज त्यावरून भांडणं व्हायची, मी ऐकत होतो." एवढं बोलला आणि यंत्रावर निघून गेला.

झेनोबिया : त्याला काही केलं नाही ना त्यांनी?

निकोलासा : अजून तरी नाही. बाईंनी कागदावर घातलंय, साक्ष दिली म्हणून कुणाला त्रास द्यायचा नाही. पाळी संपवून सहाला येईल. त्याला चिडवू नका हं आज.

झेनोबिया : मी कशाला चिडवतेय. मांसाचा मोठा तुकडा त्याच्या ताटात घालते. …आणि श्रेणी?

निकोलासा : पहिली. बाईंनी तिथंच निकाल लिहिला. निवडणाऱ्या बायका आता कारागीर, दाबयंत्रवाल्यांच्या बरोबरीच्या पगाराच्या. शिकायला तीन वर्षं लागतात, हेही लिहिलं. कंत्राटी पोरींतल्या सहा जणी आमच्या हाताखाली शिकाऊ म्हणून राहतील. बाकीच्यांचं कुणी काही बोललं नाही. मी विचारणार होते, तेवढ्यात सगळे सह्या करायला लागले.

झेनोबिया : सोमवारी विचार.

निकोलासा : विचारीन. वन्सं, तुमच्याबद्दलही विचारलं मी. तुमचं पेन्शन तिसऱ्या श्रेणीवर बसलंय ना. बाई म्हणाल्या, मागचं त्यांच्या हातात नाही.

झेनोबिया : मी तुला विचार म्हणाले होते का?

निकोलासा : नाही.

झेनोबिया : मग सोड. सूप घे. आणि त्या हॉटेलात आजच सांगून टाक, उद्यापासून यायची नाही म्हणून. तोंड का पाडलंस?

निकोलासा : पाडलं नाही. पाच महिने छातीवर दगड होता, तो एकदम उतरला, तर आता बसवतच नाही. अजून एक राहिलं. बाईंना नोंदीत लिहायचं होतं, हे काम हिला कुणी शिकवलं. कंपनीचं म्हणणं होतं ना, शिकवणारं कुणी नसतंच, म्हणून. मी तुमचं नाव सांगितलं. त्यांनी लिहिलं, झेनोबिया काहुआना, निवडीतली कुशल कारागीर, एकतीस वर्षं. मग आडनावापाशी थांबल्या. इंजिनियरनं जुना हजेरीपट आणला होता, त्यात सुरुवातीचा ‘का’ लिहिताना सी हे अक्षर एकदाच घातलं होतं. बाईंनी मला विचारलं, एक की दोन? मी म्हटलं दोन, आमच्या घरात सगळे दोन लिहितात. बरोबर ना?

झेनोबिया : दोनच. एकतीस वर्षं कुणी विचारलं नव्हतं.